ताकवणीचा नकाशा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. ऋषींच्या वाटेला मी कधी गेले नाही. नदीच्या गेले, आणि त्याची किंमत नदीने मोजली. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नाईल, ॲमेझॉन, गंगा, ब्रह्मपुत्रा या नद्या मी फळ्यावर डोळे मिटून काढत असे. माझ्या माहेरच्या गावाला वळसा घालून जाणारी नदी मात्र एकदाही काढली नाही. ती पाठ्यपुस्तकात नव्हती, आणि पुस्तकात नसलेलं शिकवलं की आमचे हेडमास्तर कपाळाला आठ्या घालायचे. हेडमास्तरांचं नाव पुढे करते आहे खरी, पण मलाही ती कधी आठवली नव्हती.

नगर सोडून पूर्वेला निघालं की गर्भगिरीची बोडकी रांग दिसते. तिच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. अलीकडच्या उताराचा सीनेला मिळतो, पलीकडच्याचा गोदावरीला. आमची नदी पलीकडची. डोंगराच्या घळीतून सहा-सात झरे निघतात, वरच्या धनगरवस्तीखाली एकत्र येतात, तिथून नदी दगडांवर आपटत आमच्या गावाशी उतरते, गावाला वळसा घालते आणि खालच्या गावाजवळ सपाटीला लागते. पुढे शेवगावच्या अंगाला एका मोठ्या ओढ्यात ती शिरते आणि तिथून पुढे तिला कुणी विचारत नाही. सगळी मिळून लांबी एवढीच की सकाळी वस्तीवरून चालत निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला खालच्या गावात पोचावा. आषाढात वाहायला लागते, पौषापर्यंत धार टिकते, मग डोहांतून काय ते पाणी.

एवढ्याशा नदीला नावं तीन. वरच्या वस्तीवर तिला लेकुरवाळी म्हणतात, कारण ते सगळे झरे तिथे तिच्या पदराला येऊन बिलगतात. आमच्या गावाच्या वर पांढऱ्या मातीचं एक टेकाड आहे. नदी त्याला घासून येते आणि पावसाळाभर तिचं पाणी ताक पातळ केल्यासारखं पांढुरकं दिसतं, म्हणून आमच्या गावात ती ताकवणी. खालच्या गावाला तिच्या लेकरांचं आणि रंगाचं काही देणंघेणं नाही. त्यांच्या बाजाराच्या वाटेवर ती पसरलेली असते आणि पूर आला की माणूस अलीकडचा अलीकडे, पलीकडचा पलीकडे. ते तिला आडवी म्हणतात. ज्या गावाला ती जशी भेटली, तसं त्या गावाने तिला नाव दिलं. उगम, झीज आणि पूर, नदीचा सगळा धडा त्या तीन नावांत ओळीने मांडलेला होता. मी तो वर्गात खडू झिजवून तासभर शिकवत होते.

आता जरा माझ्या नावाचं सांगते, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. आमच्याकडे तशी रीतच आहे. सासरच्यांनी नाव आधीच ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे कुणाला माहीतही नव्हतं. नाव वाईट नव्हतं, फक्त ते माझं नव्हतं. पहिले पंधरा दिवस सासूबाई हाक मारायच्या आणि मी ढिम्म. मुलगी बहिरी फसवून दिली की काय, असं त्यांनी शेजारणीला विचारल्याचं मी स्वतः ऐकलं. मॅट्रिकच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. दोन्ही बायका मीच आहे हे कचेऱ्यांना पटवण्यात माझ्या चपला झिजल्या.

माहेरी गेले की मात्र आई मला धुण्याला नदीवर घेऊन जायची. गावाखाली एक डोह होता, दोन्ही बाजूंना काळा खडक. मी पलीकडच्या खडकावर कपडे वाळत घालत असले की आई अलीकडून माझ्या जुन्या नावाने मोठ्याने हाक मारायची आणि खडक ती हाक पुन्हा ऐकवायचा. काम काही नसायचं. नुसतीच हाक मारायची. आई गेल्यावर त्या नावाने बोलावणारं कुणी उरलं नाही. भाऊ ताई म्हणतो, शाळेत बाई म्हणत, नगरमधल्या सावेडीच्या आमच्या सोसायटीत मॅडम म्हणतात. हळदीकुंकवाला, महिला दिनाला, जिथे माईक मिळेल तिथे मी हे तांदळाच्या ताटाचं सांगत आले. बायकांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे. आपल्यावर झालेला अन्याय मला पाठ होता, अगदी पाढ्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा फोन आला. तो माहेरी असतो, त्याचं शेत नदीला लागून आहे. म्हणाला, ''ताई, रस्ता रुंद व्हायलाय. रस्त्याकडंला प्लॉटिंग पडनार. नदी पायपात घालून वरून मुरूम टाकनारेत.'' मला वाटलं थट्टा करतोय. नदी पाइपात कशी घालतील? दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून तडक तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने तिन्ही गावांचे नकाशे टेबलावर पसरले; वरची वस्तीही कागदावर वेगळं गावच होती. गावाचा नकाशा गावच्या शिवेवर संपतो. त्यामुळे आमच्या नदीचे तीन तुकडे तीन कागदांवर होते आणि तिन्हींवर बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला होता, नाला.

कारकून भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, ''बाई, नाला असला की वळवता येतो, पाइप टाकता येतात. नदी म्हटलं की परवानगी पार वरपर्यंत जाते, मग प्लॉटिंगवाला नाद सोडतो. तिन्ही गावांचे ठराव आणा की ही एकच नदी आहे आणि तिचं नाव अमुक आहे. सोबत नकाशा जोडा. हरकतीची मुदत संपायच्या आत आणा म्हणजे झालं.'' ठराव आले तर डोह वाचणार होता, नाही आले तर त्यात मुरूम पडणार होता. इतकं ते सरळ होतं.

निवृत्त भूगोलाच्या बाईला आणखी काय हवं? मी चार दिवस नदी पायाखाली घातली. वरच्या घळीपासून खालच्या संगमापर्यंत प्रत्येक झरा, प्रत्येक वळण, डोह, खडक वहीत टिपले. मग ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर काळ्या शाईने नकाशा काढला. आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला नकाशा तो. वर नावासाठी पट्टी आखून मी तीन नावं लिहिणार, तेवढ्यात कारकुनाचं बोलणं आठवलं. त्याने बजावलं होतं, ''एकच नाव लिहा. तीन लिहिलीत तर साहेब तीन नाले धरतील.''

''कुठलं लिहू?'' असं मी त्याला तेव्हा विचारलं होतं.

''तुम्ही अन् गावं मिळून ठरवा,'' तो म्हणाला होता.

मी ठरवलं. गावांना विचारायचं राहून गेलं. त्या वेळी मला दुसरं नाव सुचलंच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी दुसरं सुचू दिलं नाही. माझी आई ज्या नदीवर धुणं धूत होती ती ताकवणी होती, म्हणून वरपासून खालपर्यंत सगळी ताकवणी. पट्टीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, भोवती नक्षीची चौकट काढली. भावाने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, ''ताई, झकास! आता तालुक्यात आपल्या गावाचं नाव हुतंय बघ.''

आमच्या गावच्या ग्रामसभेत ठराव एका दमात मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या. मी नकाशा गुंडाळून खालच्या गावी गेले.

तिथल्या सभेत एक म्हातारे गृहस्थ पुढे बसले होते. शुगर फॅक्टरीतून रिटायर झालेले, गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. बोटाने नदी वरून खाली उतरले आणि आपल्या गावाशी थांबले.

''बाई, नकाशा लई झ्याक काढलाय तुमी. पर ही ताकवनी आमच्या शिवंत येत न्हाई. आमच्याकडं आडवी हाय.''

''अहो काका, तीच नदी आहे ती.''

''तीच असंल की. मग आडवी लिवा. तीबी तीच हाय.''

सभा हसली. माझा पारा चढला. वर्गात पोरं हसली की चढायचा तसाच. मी म्हणाले, ''आडवी हे काय नदीचं नाव झालं? शिवी दिल्यासारखं वाटतं. सरकारी कागदावर शोभेल का ते?''

हसणं थांबलं. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

''माजी पयली बायकू बाळंतपनात तिच्या काठावर गेली. बैलगाडीत हुती, पानी उतरंना. तिच्या आदी आमच्या आज्याचा बैल गेल्ता, त्याच्या आदी आनिक कुनी. शिवी म्हना नायतर काय म्हना, आमी दिलीया ती. तुमी कोन पुसनार?''

मला तिथल्या तिथे हात जोडता आले असते. मी कागद गुंडाळला आणि ग्रामसेवकाला विचारलं, ''मग ठरावाचं काय?'' तो म्हणाला, पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेत बघू म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने गावात पाऊल टाकू नये.

वर वस्तीवर गेले तेव्हा घुश्शातच होते. तिथे एका म्हातारीच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. तिने मला लहानपणी पाहिलेलं होतं. आई तिच्याकडून लोकर घ्यायची. मी अंगणात नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, ''काय काय लिव्हलंय ते वाचून दाव.'' मी झऱ्यांपासून संगमापर्यंत सगळं वाचून दाखवलं. ती मान हलवत होती. झऱ्यांची जागा बरोबर आहे म्हणाली. मग विचारलं, ''आन लेकुरवाळी कुटं लिव्हलीस?''

मी कारकुनाचं कारण सांगितलं. एकच नाव लागतं, साहेब तीन नाले धरतील, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकदम विचारलं, ''तुजं म्हायेरचं नाव काय गं? तुजी आय हाक मारायची, ते.''

मी सांगितलं. इतक्या वर्षांनी ते तोंडातून काढताना जीभ अडखळली.

''आन सासरचं?''

तेही सांगितलं.

''बदलताना तुला इचारलं हुतं?''

''नाही, मावशी.''

''मंग तुला तर ठावं असाया पायजे हुतं, बाय,'' ती म्हणाली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला उठून गेली.

ठरावावर अंगठा तिने उठवला नाही आणि वस्तीवर मग कुणीच उठवला नाही. मी चारही दगड बाजूला केले, कागद गुंडाळला, खाली उतरले. उतरताना मला तिचा राग आला होता, लाज वाटली नव्हती. लाज नंतर आली, आणि ती यायला दोन महिने लागले.

हे दोन महिने मला सगळ्यात जास्त टोचतात. नवा नकाशा काढणं दोन दिवसांचं काम होतं. तिन्ही गावांना एकत्र बसवून, तुम्हीच ठरवा म्हटलं असतं तर त्यांनी अर्ध्या तासात ठरवलं असतं. म्हाताऱ्या काकांनी कदाचित ताकवणीलाच हात वर केला असता. पण मी सावेडीत घरात फुगून बसले. म्हटलं, यांच्या नदीसाठी मी या वयात डोंगर चढते, पदरचं पेट्रोल जाळते, आणि यांना नावं हवीत? जाऊ द्या पाइपात. अडलंय माझं खेटर! भावाचे फोन आले, मी उचलले नाहीत. नळाला मुळा धरणाचं पाणी येत होतं, मला काय कमी होतं?

मग एकदा शेजारणीच्या नव्या सुनेचं नाव बदलायचं का, यावर मोठी चर्चा बसली. शेजारणीने माझ्याकडे बघून म्हटलं, ''मॅडम, तुम्ही सांगा ना तुमची गोष्ट.'' मी तांदळाच्या ताटाची गोष्ट सुरू केली आणि मध्येच गप्प झाले. अंगठी त्या वेळी कुणाच्या हातात होती आणि आता कुणाच्या हातात होती, ते मला अगदी स्वच्छ दिसलं. पाणी प्यायच्या निमित्ताने उठले ते घरी येऊन थेट कागद पसरला. दोन दिवसांत नकाशा पुन्हा काढला. नावाची पट्टी गावांनीच मिळून भरावी म्हणून कोरी ठेवली, आणि नदीच्या काठाने ज्या त्या गावाशी जे ते नाव लिहिलं. चौकट नाही, नक्षी नाही.

वरातीमागून घोडं. कारकुनाने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ''बाई, हा पहिल्यांदा आणला असतात तर मीच तिन्ही गावांत फिरलो असतो. हरकतीची मुदत मागच्या आठवड्यात संपली.'' तिन्ही गावांपैकी एकाच गावाचा ठराव फायलीत होता. एका गावाच्या ठरावाने नदी होत नाही. कागदावर नाला होता, नालाच राहिला.

पाइप आले ते उन्हाळ्यात. वस्तीच्या खालून, झरे जिथे एकत्र येतात तिथून चार पावलांवर, पहिल्या पाइपाचं तोंड बसवलं. लेकरं गोळा केल्या-केल्या नदी जमिनीखाली जाते. पांढऱ्या टेकाडाची माती भरावाला वापरली, त्यामुळे पाणी आता पांढरं होत नाही, आणि झालं तरी दिसत नाही. खालच्या गावाची बाजाराची वाट ओलांडून पलीकडे ते शेवटच्या पाइपातून बाहेर पडतं. त्यांची ती वाट आता बारमाही मोकळी आहे, ती तेवढी एक गोष्ट बरी झाली म्हणायची. म्हाताऱ्या काकांचं काय म्हणणं आहे ते विचारायचा मला धीर झाला नाही. आईचा डोह भरायला मुरमाच्या तीन दिवस खेपा चालल्या होत्या, असं भावाने सांगितलं. त्याने काठची पट्टी प्लॉटिंगवाल्याला देऊन टाकली. मी त्याला बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

गेल्या दसऱ्याला प्लॉटिंगचं उद्घाटन झालं. भावाने आग्रहाने बोलावलं. कमानीला झेंडूच्या माळा, मंडपात खुर्च्या, बुंदीचे लाडू, सगळा थाट. कमानीवरच्या बोर्डाला पडदा लावलेला होता. तो सरकवला तेव्हा भाऊ माझ्या कानाशी येऊन हसत म्हणाला, ''ताई, नाव तुज्याच नकाशातलं घेतलंय बरं का. माज्या मोबाईलात फोटो हुता, त्योच दिला त्यास्नी. अक्षरबी तुजंच हाय.''

होतं माझंच. तीच मोठी अक्षरं, तीच नक्षीची चौकट, फक्त सोनेरी केलेली: ताकवणी रिव्हर पार्क. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. भावाला वाटत होतं मला आनंद होईल. तो मनाने साधा आहे, त्याच्यावर मी आजही रागावू शकत नाही. त्याने मला ओढतच कमानीखाली नेलं. म्हणाला, ''हितं हुबी ऱ्हा, बोर्डासंगट फोटो काढतो.'' मी उभी राहिले.

तेवढ्यात ती म्हातारी दिसली. वस्तीवरून काठी टेकत एकटी उतरून आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने मंडपाकडे पाहिलं नाही, लाडू पुढे केलेल्या माणसाकडे पाहिलं नाही. काठीने मुरूम टोकरत, मध्येच थांबून कानोसा घेत ती पाइपाच्या रेषेवरून नेमकी चालत आली आणि माझ्यासमोर थांबली. बोर्डाकडे बोट केलं.

''काय लिव्हलंय?''

मी वाचून दाखवलं.

''म्हंजी तुजंच नाव लागलं.''

भाऊ मोबाईल धरून, ''ताई, हिकडं बघ,'' म्हणत होता.

म्हातारीने काठीने माझ्या पायाजवळचा मुरूम दोनदा ठोकला. खाली पोकळ वाजलं. मग तिने मला हाक मारली, माझ्या माहेरच्या नावाने. आई गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती.

''बाजूला सर,'' ती म्हणाली. ''तिच्या अंगावर हुबी हायेस.''

मी बाजूला झाले.